काचेपलीकडून प्लस नव्वद

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. ते वर्गाला शिकवायचे, पण वर्गात यायचे नाहीत. मुलं आत बाकांवर, सर बाहेर व्हरांड्यात, आणि मध्ये खिडकीची ही एवढी मोठी काच. मी नवी लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, या गृहस्थांना शिक्षा-बिक्षा झाली आहे की काय! मग बघते तर सरांच्या हातात धुण्याच्या साबणाची पातळ कापलेली वडी, आणि तिनं ते काचेवर उभ्या-आडव्या रेघा ओढताहेत. पट्टी नाही, काही नाही, तरी रेघ सरळ. रेघा झाल्या की आकडे. आणि आकडे सगळे उलटे! तीन उलटा, चार उलटा, सात तर असा की वाचताना मान मोडावी. मी मनात म्हटलं, झालं, गेली ही शाळा कामातून.

आत जाऊन पाहिलं तर सगळं सुलटं होतं.

म्हणजे हा माणूस बाहेर उभा राहून, आतल्या मुलांना नीट वाचता यावं म्हणून, रोज उलटं लिहीत होता. मी त्यांना मधल्या सुट्टीत विचारलंच. माझ्या पोटात प्रश्न राहत नाही. "सर, फळा काय वाईट आहे हो?"

"फळ्याकडे तोंड केलं की अडतीस चेहरे मागे जातात," सर म्हणाले. "कुणाला समजलं, कुणाला नाही, ते पाठीला कसं कळणार, भूगोलबाई?"

भूगोलबाई म्हणजे मी. मला नाव आहे, ते हजेरीपटावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे, पण सरांनी ते कधी वापरलं नाही. मुलांशी ते हिंदीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. आमची मराठी म्हणजे काय, ग्वाल्हेरची. पुण्याचे पाहुणे आले की हळूच एकमेकांकडे बघतात. पण सरांची मराठी वेगळी होती, जुनी, सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखी. त्यांच्या घराण्यात कुणी तरी दरबारात मोजणीच्या कामावर होतं म्हणे. त्यावरून मी एकदा चिडवलं, "म्हणजे तुम्ही सगळं मोजता ते रक्तातच आहे तर!" सर गंभीरपणे म्हणाले, "ते जमिनी मोजायचे. मी फिरवतो."

फिरवणं हेच त्यांचं खरं वेड होतं. आठवीच्या भूमितीत आलेखावर आकृत्या फिरवण्याचा तो छोटासा धडा असतो ना, इतर शिक्षक दोन दिवसांत उरकतात, सर त्याला तीन आठवडे घ्यायचे. बाड्यावरच्या, म्हणजे आमच्या शहराच्या मुख्य चौकातल्या, एका दुकानातून पतंगाचे कागद आणायचे, लाल, हिरवे, जांभळे. त्याचे त्रिकोण कापायचे, पाण्यात बुडवून काचेवर चिकटवायचे. मग एक बोट मधल्या शून्यावर, म्हणजे उभी आणि आडवी रेघ जिथे भेटते तिथे, आणि दुसऱ्या हातानं तो ओला त्रिकोण हळूहळू, हळूहळू सरकवत न्यायचा. सकाळचं ऊन काचेतून आत यायचं. साबणाच्या रेघांची जाळी मुलांच्या वह्यांवर पडायची, पांढऱ्या शर्टांवर पडायची, आणि त्या जाळीतून एक लाल त्रिकोण बाकांवरून, दप्तरांवरून, कुणाच्या तरी गालावरून फिरत जायचा. वरची झडप तेवढी उघडी असायची, तिच्यातून सरांचा आवाज यायचा. तो मुळातच बारीक. म्हणून अडतीस मुलं श्वास धरून बसायची. मी भूगोलाची बाई, मला गणिताचं काडीचं प्रेम नाही, पण खरं सांगते, कधी कधी मला माझा तास विसरायला व्हायचं.

"सब घूमता है," सर झडपेतून म्हणायचे. "शून्य नहीं घूमता. अपना शून्य कहाँ रखा है, बस ये याद रखो."

त्यांनी स्वतःचा शून्य बाड्यावर ठेवला होता. बाड्याच्या मधोमध जो पुतळा आहे, तिथे शून्य-शून्य, आणि तिथून सगळं शहर चौकाचौकानं मोजायचं. ते राहायचे दाल बाजारात, एका घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानावर. पण पत्ता विचारला की म्हणायचे, "दोन, उणे एक." एकदा माझ्यादेखत त्यांनी ई-रिक्षावाल्याला थांबवलं. "भैया, दो माइनस एक चलोगे?" तो बिचारा म्हणाला, "बाबूजी, माइनस वाली साइड तो अभी वन-वे है." सरांना या उत्तराचा इतका आनंद झाला की आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते.

डबा खातानाही तेच. एक घास घेतला की डबा पाव वळसा फिरवायचा, पुढचा घास घ्यायचा, परत फिरवायचा. पोळी चारी बाजूंनी सारखी संपत यायची आणि मधला गोल तुकडा शेवटी उरायचा. तो ते डोळे मिटून खायचे. आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो. मी तर तोंडावर हसायचे. त्यांना राग यायचा नाही. राग हे खातं शाळेनं माझ्याकडे दिलेलं होतं.

एका गोष्टीचा मात्र त्यांना तिटकारा होता. घड्याळ. मनगटावर नाही, घरात नाही. क्लॉकवाइज, अँटी-क्लॉकवाइज हे शब्द त्यांच्या वर्गात उच्चारायला बंदी. "घड्याळ भिंतीच्या आतून बघितलं तर काटे कुठल्या बाजूनं फिरतात, सांगा," ते मला विचारायचे. "बघणारा कुठे उभा आहे त्यावर आहे सगळं. मुलांनी प्लस आणि मायनस म्हणावं." आता प्लस नव्वद म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेनं पाव वळसा, हे जगभर ठरलेलं आहे. पण सरांच्या मुलांना घड्याळ माहीतच नव्हतं. त्यांना प्लस म्हणजे काय, तर काचेवर त्रिकोण जिकडे गेला ते प्लस.

आणि इथेच माझं काम होतं.

आठवी ब च्या मागच्या भिंतीशी माझं नकाशांचं कपाट होतं. पहिल्या तासाला मी नकाशा काढायला तिथे जायचे. बाहेर उभं राहून फिरवायचं म्हणजे सरांना आपल्या हाताच्या उलट विचार करावा लागायचा. त्यांच्या बाजूनं त्रिकोण उजवीकडे गेला तर मुलांना तो डावीकडे गेलेला दिसणार. म्हणून नवी आकृती फिरवली की सर साबणाच्या वडीनं काचेवर टकटक करायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी आतून नीट बघून हात वर करायचा. उजवा हात म्हणजे बरोबर, डावा म्हणजे चूक. मुलांना त्याची गंमत वाटायची, मागे वळून माझ्या हाताकडे बघायची. आठ वर्षं मी हे केलं. आठ वर्षांत डावा हात एकदाही वर करावा लागला नाही.

मग ते नकाशाचं प्रकरण झालं. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कापडावर हातानं नकाशा काढला होता, चंबळेच्या खोऱ्याचा. दीड महिना खपले होते. निळी शाई नदीला, दऱ्याखोऱ्यांना तपकिरी, बारीक बारीक रेषा काढून काढून माझी बोटं बधिर झाली होती. शाळा उघडल्यावर तो स्टाफरूमच्या भिंतीवर लावला, सगळ्यांनी वाहवा केली. सर मात्र दोन-अडीच महिने येता-जाता त्याच्यासमोर मान तिरकी करून उभे राहायचे. आणि पावसाळा सरता सरता एक दिवस मी येऊन बघते तर नकाशा जमिनीवर! सर उकिडवे बसून तो सरकवताहेत.

"भिंतीवर उत्तर दिशा छताकडे जाते हो," ते मला समजावायला लागले. "तुमची चंबळ आकाशात वाहते आहे. आता बघा, उत्तर खरोखर उत्तरेकडे केली. आता इथून सरळ चालत निघालं की नदी लागेल."

मला हसू आलं होतं, खोटं नाही सांगत. पण मला तास होता, मी गेले, सरांनाही तास होता, ते गेले. आणि मागून फरशी पुसायला मावशी आली. कापड जमिनीवर दिसलं, तिनं ओल्या पोछ्यानं तेही पुसून काढलं. मी परत आले तेव्हा माझी चंबळ पसरून पार भिंड गावापर्यंत गेली होती.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर दिवसभर त्या कापडाखाली वर्तमानपत्रं घालत, वरून दाबत बसले. शाई काही मागे येईना. दुसऱ्या दिवशी गजकचा, म्हणजे आमच्याकडच्या तीळगुळाच्या वड्यांचा, डबा घेऊन आले. मी तो टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला, उघडला सुद्धा नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि एकदा आला की उतरायचं नाव घेत नाही, हे आमच्या अख्ख्या लश्कर भागाला माहीत आहे. मी अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नकाशा काढायला सुद्धा दुसऱ्या तासाला जायचे, म्हणजे तोंड दिसायला नको.

बाराव्या दिवशी मला पहिल्याच तासाला जावं लागलं. त्या दिवसांत डोळे येण्याची साथ होती, निम्मी शाळा लाल डोळे चोळत घरी. आठवी ब मधली शुभी मात्र आली होती. तिची आई कंपू भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये आयाचं काम करायची, दिवसा घरी कुणी नसायचं, आणि मुलीला तर शाळा चुकवायला नकोच असायचं. तिचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. दुसऱ्यांना लागण नको म्हणून सरांनी तिला व्हरांड्यात, आपल्या मागेच, स्टुलावर बसवलं होतं. आईचा मोठा काळा गॉगल लावून ती गंभीरपणे वहीत काही तरी उतरवत होती.

मी कपाट उघडलं, नकाशा शोधायला लागले. तेवढ्यात टकटक झालं.

मी वळले. काचेपलीकडे सर माझ्याकडे बघत होते. भुवया वर, साबणाची वडी हातात, चेहऱ्यावर हे एवढं मोठं प्रश्नचिन्ह. मला अजून आठवतं, मी काचेकडे बघितलंच नाही. त्रिकोण कुठे होता, कुठे गेला, काही नाही. मी फक्त त्यांच्याकडे रागानं बघितलं, "हो, हो, ठीक आहे, सोडा आता" अशा अर्थानं उजवा हात वर केला, आणि नकाशा काखेत मारून निघून गेले.

बस. एवढंच माझ्याकडून झालं. वर्गाला प्लस नव्वद त्या दिवशी पहिल्यांदाच दाखवलं होतं, आणि साथीत घरी असलेल्यांनीही ते पुढे त्याच वह्यांतून उतरवून घेतलं.

सर वह्या तपासायचे नाहीत. मुलांनी एकमेकांच्या तपासायच्या, अशी त्यांची रीत. कुणाची चूक सापडली की शोधणाऱ्याला पतंगाच्या कागदाचा तुकडा बक्षीस. चांगली रीत होती, पण सगळेच एकसारखे चुकलेले असले तर ती काय कामाची? सदतीस वह्यांवर बरोबरच्या खुणा झाल्या. शुभीची वही तेवढी लाल फुल्यांनी भरली.

डिसेंबरात एका ट्रस्टची शिष्यवृत्तीची परीक्षा झाली. मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत मोठ्या शाळेत शिकायला मिळतं, राहण्याखाण्यासकट. बाकीच्यांच्या आईवडिलांना ती मिळाली तर हवी होती. शुभीच्या आईपुढे दुसरी वाटच नव्हती. आठवीनंतर हिला आपल्याबरोबर हॉस्पिटलात कामाला लावावं लागेल, हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं, शाळेच्या फाटकाशी उभं राहून.

जानेवारीत पत्र आलं. आठवी ब चा निकाल रोखला आहे. आलेखावर आकृती प्लस नव्वद अंश फिरवा, असा एक प्रश्न होता. अडतीसपैकी सदतीस मुलांनी ती एकाच चुकीच्या जागी नेऊन ठेवली होती. वर उजवीकडचा त्रिकोण प्लस नव्वदनं वर डावीकडे जायला हवा. यांचा खाली उजवीकडे गेला. सदतीसच्या सदतीस! पत्रात शब्द होता, सामूहिक नकल, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेली कॉपी. आमच्या या भागात हा शब्द आधीच बदनाम. कुणी तरी दारातून उत्तर सांगितलं, असा त्यांचा संशय होता.

आणि बरोबर उत्तर एकटीचं, शुभीचं.

मग काय, पोरांनी दोन दिवसांत गोष्ट तयार केली. "शुभी ने सबको गलत बताया और खुद सही लिख दिया." प्रिन्सिपल मॅडमनाही ती पटली. एक नाव दिलं तर बाकीचे सुटतील, असा त्यांचा हिशेब. स्टाफरूममध्ये बोलावून शुभीला उभं केलं. ती नखं कुरतडत एकच वाक्य म्हणत होती. "मैंने किसी को कुछ नहीं बताया, मैडम. मुझे तो ऐसे ही दिखा था."

"कैसे दिखा था?" कोपऱ्यातून सरांनी विचारलं.

तिनं वही दाखवली. सरांनी ती फुल्यांनी भरलेली पानं एकेक करून उलटली. त्या साथीच्या दिवसांतल्या पानावर ते थांबले. तिथे त्रिकोण डावीकडे काढलेला होता. आकडे तिनं लिहिलेच नव्हते, बाहेरून ते उलटे होते, तिला वाचता आले नसतील. तिनं फक्त फिरणं काढलं होतं, छोटे छोटे बाण काढून.

सर उठले. व्हरांड्यात गेले, काचेवर दोन रेघा ओढल्या, एक त्रिकोण चिकटवला, आणि शून्यावर बोट ठेवून तो फिरवला. मी वर्गात कपाटाशी होते, म्हणजे मुद्दाम जाऊन उभी राहिले होते, कारण ते पान कुठल्या दिवसाचं ते मला ओळखू आलं होतं. सरांनी टकटक केलं नाही. ते दारानं वर्गाच्या आत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या वर्गाच्या आत पहिल्यांदाच बघत होते. काचेसमोर उभं राहून त्यांनी तो त्रिकोण आतून बघितला.

"खाली गेला हो हा, भूगोलबाई," ते म्हणाले. "मी माझ्या बाजूनं फिरवला."

मी कपाटात डोकं घालून नकाशे सारखे करत राहिले. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात ट्रस्टचे दोघे आले, एक पिकल्या मिशांचे साहेब आणि एक तरुण मॅडम. सरांनी साहेबांना आत उभं केलं, मॅडमना बाहेर, आणि काचेवर जांभळा त्रिकोण फिरवला.

"घड़ी की तरफ घूमा," साहेब आतून म्हणाले.

"नहीं सर, उल्टा घूमा," मॅडम बाहेरून.

"अरे, मेरी आँखों के सामने घूमा है!"

"मेरी भी तो आँखें हैं, सर!"

दोघांची चांगलीच जुंपली. मग सरांनी त्यांना जागा बदलायला लावली आणि परत फिरवला. आता साहेब म्हणाले उलटा, मॅडम म्हणाल्या घड्याळाच्या बाजूनं. साहेब मिशीतल्या मिशीत हसायला लागले. "बच्चे अंदर थे," सर म्हणाले. "ये बच्ची बाहर थी, मेरी तरफ. नकल नहीं हुई. सैंतीस बच्चों ने वही लिखा जो मैंने सिखाया. गलती मेरी है."

साहेबांनी मान हलवली. पण त्या तरुण मॅडम हुशार होत्या. "लेकिन सर, इतने साल आप ऐसे पढ़ा रहे हैं, तो अंदर से कोई चेक नहीं करता था?"

मी तिथेच होते. प्रिन्सिपल मॅडमच्या शेजारी, दोन पावलांवर. माझा उजवा हात मला एकदम जड वाटायला लागला. आता सर माझ्याकडे बघतील, मग मला बोलावंच लागेल, असं वाटलं. त्यांनी बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आले.

"नहीं," सर म्हणाले. "मैं अकेला ही था."

निकाल सोडला. बाकीच्यांचे त्या प्रश्नाचे गुण गेले तेवढे गेले, शुभीचं नाव यादीत वरून दुसरं आलं. तिची आई पेढे घेऊन आली, तेव्हा सर कुठे दिसेनात. ते ग्रंथालयात होते. प्रिन्सिपल मॅडमनी त्यांचा आठवीचा तास काढून घेतला होता, सगळं गणितच काढून घेतलं होतं, आणि त्यांना पुस्तकांवर नंबर चिकटवायला बसवलं होतं. "शाळेची अब्रू आहे," मॅडम म्हणाल्या. "असले प्रयोग नकोत." काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला पांढरा रंग लावून टाकला. नवीन सर फळ्यावर शिकवायला लागले, मुलांकडे पाठ करून, जगरहाटीप्रमाणे.

सर निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं ग्रंथालयात बसले. मी रोज समोरून जायचे. ते म्हणायचे, "काय भूगोलबाई, नदी कुठपर्यंत आली?" मी हसून काही तरी बोलायचे. ज्या तोंडानं मी सगळ्या शाळेला फाडून खायचे, त्याच तोंडातून एक वाक्य निघेना. मला लाज वाटायची. वाटायची काय, वाटतेच. माझ्या एका फुरंगटण्यापायी त्या माणसाच्या हातून काच गेली, आणि मी दोन वर्षं त्याच्या समोरून चपला वाजवत गेले.

मागच्या हिवाळ्यात शुभी शाळेत आली. एवढी उंच झाली आहे! कुठे तरी इमारतींचे आराखडे काढायला शिकते. मला म्हणाली, "मैडम, सर का पता चाहिए था." मी म्हटलं, दोन, उणे एक. ती खळखळून हसली आणि एकटीच शोधत निघाली. ती गेल्यावर मी घरी जाऊन डाळ चढवली, आणि ती तशीच गॅसवरून उतरवून ठेवली. म्हटलं, बाई, आता नाही तर कधीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले.

खाली दुकानात पोती उतरत होती, जिन्यात तुरीच्या डाळीचा आणि मिरच्यांचा ठसका. वर सर एकटेच. खूप बारीक झालेले. खोलीत घड्याळ नाही, अर्थातच. बाल्कनीला जुनं मोठं काचेचं दार, त्यातून ऊन सरळ खाटेपर्यंत आलेलं. त्यांनी मला चहा करून दिला आणि कप माझ्यापुढे ठेवताना कान बरोबर माझ्या उजव्या हाताकडे वळवला.

मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. प्रस्तावना वगैरे मला येत नाही. "सर, त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं. न बघता हात वर केला. चूक माझी होती, तुम्ही स्वतःवर घेतलीत, आणि मी गप्प बसले." बोलता बोलता मला रडू फुटलं, ते सुद्धा रागानंच फुटलं.

सर शांतपणे बशीत चहा ओतत होते. "मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही बघितलं नव्हतं ते. काचेतून चेहरे दिसतात हो. त्याचसाठी तर काच होती."

"मग तेव्हा थांबला का नाहीत? परत टकटक करायचं!"

सर थोडे ओशाळले. खरंच ओशाळले, म्हातारपणी. "अकरा दिवस तुम्ही माझ्याकडे बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "त्या दिवशी बघितलंत. रागानंच, पण बघितलंत. हातही वर केलात. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं, चला, मिटलं एकदाचं. त्या भरात तपासायचं राहूनच गेलं. म्हणजे चूक माझीच की."

मी पदरानं तोंड पुसत बसले. सर उठले, फळीवरून साबणाची वडी आणि एक लाल कागद घेतला, पाण्यात बुडवला आणि बाल्कनीत गेले. दार त्यांनी बाहेरून लावून घेतलं. दोन रेघा ओढल्या. अजूनही पट्टी नाही, तरी रेघा सरळ आल्या. त्रिकोण लावला. बोट शून्यावर ठेवून तो हळूहळू फिरवत नेला, आणि लाल ऊन खाटेवरून, माझ्या मांडीवरून, चहाच्या कपावरून सरकत गेलं. मग वडीनं टकटक केलं आणि भुवया वर करून माझ्याकडे बघितलं.

मी उठून काचेजवळ गेले. या वेळी नीट बघितलं. शून्य बघितला, उभी रेघ बघितली, आडवी बघितली. त्रिकोण वर उजवीकडून निघाला होता आणि खाली उजवीकडे उतरला होता. मुद्दाम चुकवला की वयानं चुकला, ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

मी डावा हात वर केला.

सर पलीकडे काही तरी बोलले. दार बंद होतं, मला ऐकू आलं नाही. पण ते हसत होते. मग त्यांनी त्रिकोण नखानं सोडवला, पुन्हा पाण्यात बुडवला आणि परत पहिल्या जागी लावला.